खालच्या मजल्यावरचा आमचा कम्प्युटर

४ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रक्तदाब चढलाय, घरात कुणाला ताडताड बोलायचं नाही, जे बोलावंसं वाटेल ते लिहून काढायचं. त्यांना काय जातंय सांगायला. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर लिहिलं ते पडद्यांची मापं, बस. एका दमात बोलून मोकळं होता येतं ते लिहायला बसलं की चहा गार होतो आणि रागही. म्हणजे औषध लागू पडतंय म्हणायचं. मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथेच लिहितेय.

पहिला राग कम्प्युटरचा.

घरात खोल्या दोन. बाहेरच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि एकुलतं एक मोठं टेबल. त्या टेबलावर खरं तर कापड बेतायचं. पण त्याच्यावर हा बसलाय, पाहुण्यासारखा, आला तो गेलाच नाही. मॉनिटरला मागे एवढं मोठं कुबड. डब्याचं बटण आत गेलंय, ते माझ्या उसवायच्या सुईने टोचावं लागतं. टोचलं की घरघरतो, मग गप्प होतो, मग पुन्हा घरघरतो, जसा काही जिना चढून आलाय. त्याचं तोंड उघडेपर्यंत माझी एका पडद्याची खालची दुमड घालून होते.

वापरतं कोण, तर दुपारी सासूबाई. एकटीने खेळायचे पत्ते असतात त्याच्यात. तो चालू होईपर्यंत रिकाम्या बसतात, मग माझ्या पडद्याचं दुसरं टोक धरतात आणि सल्ले देतात. टाका तिरका जातोय. दोरा ताणू नकोस. तुझ्या माहेरी कुणाला सरळ रेघ ओढता यायची का गं. डॉक्टरीणबाईंनी हे ऐकावं एकदा.

संध्याकाळी हे बसतात. हे काय करतात, तर नवा कम्प्युटर कुठला घ्यावा ते वाचतात. बाकी काही नाही. कम्प्युटरवर बसून कम्प्युटरचंच वाचायचं, डोळे लाल होईपर्यंत. घ्या एकदाचा म्हटलं की म्हणतात, आत्ता घेणं म्हणजे वेडेपणा, थोड्याच महिन्यांत नवा येतोय. तो येतो. तोवर त्याच्या पुढच्याची बातमी आलेली असते. नोकरी वजनकाट्यांच्या कारखान्यात झाली यांची, तपासणीस होते. काटा मधोमध येऊन स्थिर होईस्तोवर बघत बसायचं, याचाच पगार. निवृत्त झाले, पण बघत बसायचं सुटलं नाही.

५ मार्च, मंगळवार

मोठं काम मिळालं. सभागृहाचे पडदे, स्टेजचे दोन आणि खिडक्यांचे सगळे. मॅनेजर स्वतः येऊन कापडाचा गठ्ठा टाकून गेला. मरून रंगाचं, जाडजूड, एक पडदा उलगडला तर आमच्या स्वयंपाकघरात जाऊन परत येईल.

टेबल पाहिजे, आजच पाहिजे, हे यांना सांगायचं होतं. पण बोलायचं नाही ना. मोठी कात्री घेऊन कम्प्युटरच्या वायरींसमोर नुसती उभी राहिले. हे लगेच म्हणाले, ठरवूया, या आठवड्यात ठरवूया. न बोलण्यात जोर आहे, हे मला आधी माहीत नव्हतं.

९ मार्च, शनिवार

दुरुस्तीवाला आला. त्याला सगळे पेचकस म्हणतात, कारण तो पेचकस हातात फिरवल्याशिवाय त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. यांनी त्याला कागद दाखवला. कागदावर रकाने. अख्खा नवा घेतला तर काय बरं, काय वाईट. थांबलो तर काय बरं, काय वाईट. सगळीकडे दोन्ही बाजूंना सारखंच वजन.

पेचकसने पेचकस फिरवला आणि म्हणाला, काका, अख्खा घ्यायचाच कशाला. एकेक भाग बदलू. आज डबा, उद्या आतलं, परवा मॉनिटर. तुम्हाला कळणारही नाही कधी नवा झाला ते.

यांच्या चेहऱ्यावर एवढा उजेड मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. म्हणजे ठरवावंच लागणार नाही, म्हणाले.

जुने भाग काय करणार, मी विचारलं. पेचकस म्हणाला, टाकून देईन काकू, तुम्ही त्रास घेऊ नका. माझ्या त्रासाची एवढी काळजी आजवर कुणी केलेली नाही. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

१४ मार्च, गुरुवार

डबा बदलला. नवा काळा आहे, काचेचा, आत निळे-जांभळे दिवे फिरतात. अंधारात वरात निघाल्यासारखं दिसतं. आतलं सामान सगळं जुनंच. पेचकस म्हणाला, माणसाने नुसता शर्ट बदललाय असं समजा.

सासूबाई खेळायला बसल्या नि डाव लागला नाही. दुसराही नाही. म्हणाल्या, पत्ते पिसलेत कुणीतरी वाईट. मी म्हटलं, पत्ते तेच, आतलं सगळं तेच, शर्ट बदललाय फक्त. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच पेचकस.

हे कुठेतरी वाचून मोठ्याने सांगत होते की आता आपला कम्प्युटर जुना की नवा, हा प्रश्न उभा राहतो. मी म्हटलं, उभाच राहू दे, बसायला जागा नाही.

२० मार्च, बुधवार

आतलंही गेलं. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, रॅम, अशी नावं. एक बदलला की दुसरा त्याच्याशी जमवून घेत नाही, मग त्यालाही काढायचं. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा असं काही कुणाला सुचलं नव्हतं, जुनी माणसं बदलावीत म्हणून. मॉनिटरही आला पातळ, भिंतीला चिकटून उभा राहतो. टेबल जवळजवळ सगळं मोकळं.

प्रत्येक वेळी पेचकस जुने भाग कापडात गुंडाळून नेतो. इतक्या हळुवारपणे की टाकून द्यायला नेतोय असं वाटत नाही.

२९ मार्च, शुक्रवार

आज डिस्क बदलली. शेवटचा भाग. आता जुनं फक्त माऊसची गादी राहिली. पेचकस म्हणाला, सगळं जसंच्या तसं नवीन डिस्कवर घातलंय.

बटण दाबलं. हात काढायच्या आत चालू. घरघर नाही, काही नाही. यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा टाळ्या. मग बसले आणि काय वाचायला लागले असतील? पुढच्या वर्षी कुठले भाग येणार आहेत ते.

पत्ते आहेत, पण वेगळे. सासूबाईंच्या राजाला मिशी होती म्हणे, या राजाला नाही. आणि आजवर किती डाव लागले तो आकडा गेला, तिथे शून्य. सासूबाई म्हणाल्या, असू दे, काय करायचंय मला आता. खेळल्या. गप्प. पहिल्यांदाच अशी शांत दुपार मिळाली. मी मशीनवर, त्या तिकडे तोंड करून. टाका तिरका, दोरा ताणू नकोस, काही नाही. स्टेजच्या पहिल्या पडद्याला वरून बकरमची कडक पट्टी लावून झाली. असं सुख असतं हे मला माहीत नव्हतं.

२ एप्रिल, मंगळवार

आज घरात भुताटकी झाली असं आधी वाटलं.

दुपारी सासूबाई एकदम उठल्या, चष्मा काढला, जमिनीवर बसल्या आणि फरशीला कान लावला. मला वाटलं पडल्या. म्हणाल्या, गप्प, ऐक. मीही गुडघे टेकून कान लावला. खालून घरघर. मग थांबली. मग पुन्हा घरघर.

तो आहे, सासूबाई म्हणाल्या.

खाली नर्सबाई राहतात, निवृत्त झालेल्या, एकट्याच. माझ्याच वयाच्या असतील, फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. बोलतात असं की समोरचा पेशंट. मी दार वाजवलं तर मला विचारलं, काय होतंय? म्हटलं मला काही होत नाही, तुमच्याकडे काय होतंय ते बघायला आले.

टेबलावर आमचा कम्प्युटर. कुबडासकट. बटणाच्या भोकात माझ्या उसवायच्या सुईचे ओरखडे. नर्सबाई कौतुकाने सांगायला लागल्या, पेचकसने जमवून दिला, वापरलेला आहे पण एकाच चांगल्या घरातला, सगळे भाग एकमेकांना सरावलेले.

माझ्या तोंडात काय काय आलं ते लिहिलं तर वही संपेल. सासूबाई माझ्या बगलेखालून आत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. मिशीवाला राजा. आकडा जिथल्या तिथे. पहिल्याच डावाला पत्ते लागले.

३ एप्रिल, बुधवार

पेचकसला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, काकू, तुमचा कम्प्युटर वरच आहे, खाली फक्त सुटे भाग आहेत.

म्हटलं, सुटे भाग सगळे जोडले की काय होतं?

कम्प्युटर, म्हणाला.

कुणाचा?

पेचकस फिरवत राहिला, फिरवत राहिला, आणि मग म्हणाला की हा प्रश्न काकांचा आहे, मी दुरुस्तीवाला आहे.

काका म्हणजे हे. यांना तर मेजवानीच. हे म्हणाले, वरचा एक दिवसही बंद न पडता आपल्याकडेच राहिला, म्हणून आपला तो वरचा. पण खालच्यात आपला प्रत्येक कण आहे, म्हणून आपला तो खालचा. दोन्ही पारडी सारखी. मग कागद घेऊन रकाने आखायला बसले. सासूबाई जेवण झाल्या झाल्या खाली गेल्या.

६ एप्रिल, शनिवार

सासूबाई खालीच राहिल्या. काल रात्रीपासून. आधी चष्मा गेला, मग पाठीची उशी, मग औषधांचा डबा. त्याही घराबाहेर एकेक भाग करून गेल्या, कळलंच नाही कधी पुऱ्या गेल्या ते.

यांना म्हटलं, तुमची आई गेली. हे म्हणाले, गेली काय, खालच्या मजल्यावर तर आहे, आणि तिथे नर्स आहे, म्हणजे एका अर्थी सोयच. शिवाय कम्प्युटर आपलाच आहे, निदान निम्मा, तेव्हा ती आपल्याच घरी आहे असंही म्हणता येईल.

हेही संध्याकाळी खाली जाऊन आले. जुन्या कम्प्युटरचं तापमान बघायला, म्हणे. चहा घेऊन आले. आई मजेत आहे, म्हणाले, नर्सबाई पायाखाली पाट देतात, दिवसातून एकदा रक्तदाब मोजतात. अगदी नॉर्मल.

माझा कुणी मोजला नाही. मी मोजायला सांगितलाही नाही.

मला काय. टेबल माझं, खोली माझी. शांतता एवढी की सुई पडली तर ऐकू येते. तीन वेळा पडली आज. बॉबिनचा दोराही सारखा गुंतत होता. दोराच खराब आला असणार.

८ एप्रिल, सोमवार

स्टेजच्या पडद्याला दुसरं टोक धरायला कुणी पाहिजे. आधी टोक दाराच्या फटीत अडकवलं, ते निसटलं. मग कम्प्युटरच्या नव्या डब्याखाली दाबलं. डबा हलका, कापडाने त्यालाच ओढलं. दिवे फिरवत फिरवत टेबलाच्या कडेपर्यंत आला. यांनी किंकाळी फोडली. आई गेली तेव्हा नव्हती फोडली.

मग हे म्हणाले, मी धरतो. धरलं. मी मशीन चालवायला पाय ठेवला तर म्हणाले, थांब. अजून स्थिर नाही. हलतंय. थांब. आता जरा उजवीकडे. जरा डावीकडे. थांब. चहाची वेळ झाली तरी एक टीप पडली नव्हती. मी यांच्या हातातून टोक काढून घेतलं आणि एकटीनेच मारली शिवण, डोळे मिटून मारावी तशी.

मध्येच नवा कम्प्युटर चालू करून ठेवला. काही आवाज येतो का बघावं म्हणून. येत नाही.

११ एप्रिल, गुरुवार

मॅनेजरचा निरोप आला आणि मागोमाग तो स्वतः. पडदा लावला नि म्हणे एका बाजूला वर उचललेला दिसतोय. बैठकीला आलेले लोक सारखे तिकडे वाकून बघतात, मागे कोण उभंय म्हणून. अध्यक्षांचं भाषण अर्धवट राहिलं, तेही वाकून बघायला लागले. मॅनेजर वाईट माणूस नाही. चार दिवस देतो, म्हणाला, नाहीतर दुसऱ्याकडे द्यावं लागेल. आजवर माझं एकही काम परत आलं नव्हतं.

तो गेला आणि मी पेचकसकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्यावर उघडी पोटं करून ठेवलेले कम्प्युटर. त्याला म्हटलं, आमचा नवा कम्प्युटर हळू कर.

त्याला वाटलं मी उलटं बोलले. फास्टच आहे काकू तो, म्हणाला.

म्हटलं, तेच सांगतेय. हळू कर. बटण दाबलं की घरघरला पाहिजे. थांबला पाहिजे. एका पडद्याची दुमड घालून होईपर्यंत चालू होता कामा नये. आणि राजाला मिशी पाहिजे.

पेचकस खाली बसला. इतकी वर्षं दुकान चालवतोय, म्हणाला, लोक रडतात फास्ट कर म्हणून, आणि तुम्ही पहिल्या. हे काम मी शिकलेलो नाही. मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, काकू, काही करू नका, काकांना वापरू दे रोज, दोन-तीन वर्षांत आपोआप हळू होईल.

दोन-तीन वर्षं. सासूबाईंचं वय काय, याला कुणी सांगा.

घरी आले तर हे विचारतात, हळू कशाला पाहिजे तुला. काय सांगणार. म्हटलं, मला घाई आवडत नाही. हे हसायला लागले. उभ्या आयुष्यात मी एवढा मोठा विनोद केला नसेल.

१२ एप्रिल, शुक्रवार

आज खाली गेले. अदलाबदल करायची, ठरवून टाकलं. नवा त्यांना, जुना आम्हाला. यांना विचारलं असतं तर पुन्हा रकाने, म्हणून विचारलं नाही.

दार उघडंच होतं. कम्प्युटर घरघरत होता, अजून चालू व्हायचा होता. सासूबाई मांडीवर हात ठेवून बसलेल्या, नर्सबाई शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या नि वॉर्डातल्या कुठल्याशा पेशंटचं सांगत होत्या, ज्याला शुद्धीवर आल्या आल्या बायकोऐवजी चपला आठवल्या. सासूबाई हसत होत्या. मला बघितल्यावर थांबल्या.

मी सांगितलं कशाला आले ते. बसले नाही. नवा घ्या, काचेचा आहे, दिवे आहेत, लगेच चालू होतो. हा मला द्या.

नर्सबाईंनी वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "कम्प्युटर न्या. बदल्यात काही नको मला. ह्यांना तेवढं राहू दे."

मी म्हटलं, "माणूस म्हणजे काय सुटा भाग वाटला, ठेवून घ्यायला?"

"वर त्या बसायच्या तेव्हा त्यांच्याशी बोलायला कोण होतं? त्यांनीच सांगितलं मला. बटण दाबलं की तो नवा लगेच चालू, आणि तुम्ही मशीनवर."

"तिला कामं असतात," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "तिला काही बोलायचं नाही हं."

आता यात मला का भरून यावं. रक्तदाबच असणार. मला सांगायचं होतं एक आणि तोंडातून आलं भलतंच.

"पडदा परत आला," मी म्हटलं.

सासूबाई वळल्या. "तुझा? परत?"

"तिरका गेला."

"किती?"

"चार बोटं."

"डावीकडून ना?"

"हो."

"तरी मी सांगत होते. तुझा हात डावीकडे ओढतो, पहिल्यापासून. कुणी समोर असलं की सरळ राहतो." एवढं म्हणून त्या उठल्या आणि पायाने चपला चाचपायला लागल्या.

कम्प्युटर नेमका तेव्हाच चालू झाला. पत्ते समोर मांडून बसला. त्यांनी बघितलंही नाही. नर्सबाईंचं तोंड एवढंसं झालं. माझ्या मनात आलं, हिच्याकडे कोण येणार आता? मग मनात आलं, मला काय करायचंय. मग पुन्हा आलं.

सासूबाईंना माझ्याआधी सुचलं असावं. दारातून मागे वळून म्हणाल्या, "उद्या दुपारी येते गं. मात्र आधीपासून चालू करून ठेवू नकोस. मी येऊन बसले की मग कर."

जिना चढताना माझा हात धरला. वजन तेवढंच आहे, पायाखाली पाट मिळूनही, वाटाणे खाऊनही. पडदा उसवायला घेतला लगेच. टाक्याटाक्याला बोलल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलल्या.

१५ एप्रिल, सोमवार

पडदे लावून आले. मॅनेजरने दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं, काहीच सापडलं नाही. थोडा नाराजच दिसला.

सासूबाईंनी एक पद्धत बसवून टाकली आहे. दुपारी जेवण झालं की केस विंचरतात, पर्स घेतात नि म्हणतात, निघते, उशीर होतोय. पर्समध्ये चष्मा असतो, बाकी रिकामी. मजला एक उतरायचा. संध्याकाळी दमून येतात आणि पाणी मागतात. मग दिवसभरात काय झालं ते सांगतात. आज बटणाला सुई दोनदा टोचावी लागली. नर्सबाईंनी पेशंटची पुढची गोष्ट सांगितली, त्याला बायको आठवली पण चुकीची. अकरावा डाव अडला. ऐकता ऐकता माझं काम होतं, टोक त्यांनी धरलेलंच असतं. त्या आणि मी वरच्या कम्प्युटरला हात लावत नाही. तो यांचा.

हे यावर खूश नाहीत. यांना काळजी लागून राहिली आहे की खालचा एक दिवस बंद पडेल. नर्सबाईंना जाऊन म्हणाले, एकेक भाग बदलून घ्या, हळूहळू, कळणारही नाही. मी जिन्यात होते, ऐकलं. वर आल्यावर यांना सांगितलं की त्या डब्याच्या एका जरी स्क्रूला हात लागला तर मी डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं बंद करीन. बोलायला लागेन पुन्हा.

यांनी हात वर केले. संध्याकाळभर आपला वरचा कधी बदलावा ते वाचत बसले. आत्ता बदलणं वेडेपणा आहे, असं निघालं.

२१ एप्रिल, रविवार

आज सासूबाईंची सुट्टी. त्यांनीच काल जाहीर केलं, आठवड्यातून एक दिवस मिळालाच पाहिजे, एवढी वर्षं कुणी दिली नाही. सकाळी उशिरा उठल्या. दुपारी केस न विंचरता लोळत पडल्या नि मला म्हणाल्या, तूही मशीन बंद कर. मी म्हटलं, खिडक्यांचे अजून बाकी आहेत. तर दोराच लपवला त्यांनी. म्हणून बसले. दोघी नुसत्याच बसलो होतो, कशाची वाट न बघता, आणि त्या माझ्या माहेरच्यांना नावं ठेवत होत्या.

दार वाजलं. नर्सबाई. हातात आमची उसवायची सुई, सासूबाई खाली विसरून आलेल्या ती, पिनकुशनमध्ये नीट खोचलेली. सासूबाई आल्या नाहीत म्हणून विचारायला आले, म्हणाल्या. त्यांनी बटण दाबायचं थांबवून ठेवलं होतं, सकाळपासून.

मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, आज रजेवर आहेत, उद्या या. दार लावलं.

मग उघडलं. त्या तिथेच होत्या, एक पायरी उतरून. म्हटलं, या आत, चहा टाकतेय, पण कामाचं काही बोलायचं नाही.